गेमच्या पार्श्वसंगीताचा लूप सांध्यावर अडखळतो: कारण ओळखणं आणि दुरुस्ती

तक्रार नेहमीची आहे. फँटसी गेमच्या जंगलाच्या लेव्हलसाठी एआय टूलकडून पोत (सलग वाहणारा पार्श्वध्वनीचा थर) काढला, त्यावर सिंथेसायझरचे पॅड (लांब धरलेले मऊ स्वर) आणि धून बसवली, ट्रॅक ऐकायला झकास झाला. गेममध्ये घातला की दर पन्नासेक सेकंदांनी काहीतरी खटकतं. मग लोक फाईलच्या टोकांना छोटा फेड देतात. खटका जरा मऊ होतो, पण जात नाही. दुसऱ्या लेव्हलच्या ट्रॅकवर तोच प्रकार पुन्हा.

तो परत येतो, कारण ‘लूप खटकतो’ हा एक दोष नाही. निदान सहा वेगवेगळे दोष सांध्यावर, म्हणजे लूपचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला मिळतं तिथे, येऊन जवळपास सारखेच ऐकू येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आधी कोणता ते ठरवा, मगच हात लावा.

पुढचे सगळे आकडे एकाच उदाहरणाचे आहेत. लेव्हल ऐरोलीच्या खाडीकाठी असते तशा खारफुटीची. स्वर पांढरी दोन, म्हणजे डी. मोड डोरियन, आपल्या भाषेत काफी थाट. वेग ७२ बीपीएम, चार बीटचा बार, लांबी १६ बार. म्हणजे ६४ मात्रा, तीनतालाची चार आवर्तनं. वेळ ५३.३३३ सेकंद. ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची इतकी मोजमापं (सॅम्पल) घेतली तर, हे बरोबर २३,५२,००० सॅम्पल होतात आणि ४८,००० ला २५,६०,०००. दोन्हीकडे पूर्णांक येतो, म्हणून ७२ हा वेग सोयीचा. ७० बीपीएम घेतलात तर ४४,१०० ला पूर्णांक येतो, ४८,००० ला येत नाही. एका सॅम्पलच्या तुकड्याने कानाला काही फरक पडत नाही, पण एकाच गाण्याचे चार थर वेगवेगळे एक्सपोर्ट करून गेममध्ये एकत्र वाजवायचे असतील तर सगळ्यांची लांबी सॅम्पलपर्यंत तंतोतंत एकच हवी. एका थरात एक सॅम्पल कमी असला तर तासाभरात तो साठसत्तर सॅम्पल पुढे जातो आणि आवाज पोकळ व्हायला लागतो.

आधी दहा सेकंदांची चाचणी

एक्सपोर्ट केलेली वेव्ह फाईल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात उघडा. शेवटचे ५ सेकंद कापून पहिल्या ५ सेकंदांच्या आधी चिकटवा. आता दहा सेकंदांचा तुकडा हातात आहे आणि सांधा बरोबर मधोमध आहे. हेडफोन लावून, डोळे मिटून, निदान पाच वेळा ऐका. पडद्यावरची रेघ पाहत ऐकलं तर सांधा कुठे आहे ते आधीच कळतं आणि नसलेला दोषही ऐकू येतो.

इथे सांधा स्वच्छ असेल आणि गेममध्ये खटकत असेल, तर संगीताला हात लावू नका. दोष फाईलच्या फॉरमॅटचा किंवा इंजिनच्या सेटिंगचा आहे. इथेच खटकत असेल तर कसा आवाज येतो ते नीट ओळखा. बारीक ‘टक’ असेल तर लहर मधेच तुटली आहे. खोलीतली हवा एकदम गेल्यासारखी वाटली तर रिव्हर्बची (घुमण्याची) शेपटी कापली गेली आहे. सम लवकर किंवा उशिरा आली तर वेग सरकलाय. सूर आणि ताल जागच्या जागी असून रंगच बदलला, आवाज अचानक उजळ किंवा मंद झाला, तर एलएफओचा (सिंथमधला आवाज हळूहळू हलवणारा ऑसिलेटर) किंवा एआयच्या पोताचा घोटाळा आहे.

गेममध्येच गॅप पडतो

बऱ्याच तक्रारी एमपी३ मुळे असतात. एमपी३ ची चौकट १,१५२ सॅम्पलची असते. तुमचा ट्रॅक चौकटींच्या पटीत बसला नाही की शेवटी शांतता भरली जाते. शिवाय लेम एन्कोडर सुरुवातीला ५७६ सॅम्पलचा उशीर घालतो, डीकोडर आणखी ५२९ चा. दोन्ही मिळून १,१०५ सॅम्पल, म्हणजे २५ मिलिसेकंद. शेवटची भर धरून सांध्यावर २५ ते ५० मिलिसेकंदांचा खड्डा. ७२ च्या लयीत पाव मात्रा २०८ मिलिसेकंदांची असते. तिच्या चौथ्या हिश्शाइतका खड्डा सलग वाजणाऱ्या पॅडमध्ये कुणालाही ऐकू येतो. हा उशीर किती ते फाईलच्या डोक्यात लिहिलेलं असतं आणि काही प्लेअर ते वाचून खड्डा भरून काढतात, म्हणून मोबाईलच्या प्लेअरमध्ये ट्रॅक बरा वाजतो. गेम इंजिन ते वाचेलच असं नाही.

उपाय: वेव्हमधून थेट ऑग व्हॉर्बिस करा. एमपी३ ची फाईल नंतर ऑगमध्ये बदलून उपयोग नाही, कारण शांतता आधीच आवाजात भाजली गेली आहे. एआय टूल फक्त एमपी३ देत असेल तरी घाबरायचं कारण नाही. तो फक्त कच्चा माल समजा. मधला तुकडा कापून घेतला की टोकांची शांतता आपोआप बाहेर पडते.

आता गेम इंजिनांचं थोडक्यात. गोडोमध्ये फाईल निवडून इम्पोर्ट टॅबमध्ये ऑगसाठी लूपची खूण करा, वेव्हसाठी लूप मोड ‘फॉरवर्ड’ ठेवा आणि ‘रीइम्पोर्ट’ दाबायला विसरू नका. सेटिंग बदलून हे बटण न दाबणं ही तिथली सगळ्यात सामान्य चूक. युनिटीला वेव्ह द्या, व्हॉर्बिस ते स्वतः करतं. दोन तुकडे एकामागोमाग लावायचे असतील तर साधी ‘प्ले’ आज्ञा पुरत नाही, कारण ती फ्रेमच्या वेगावर अवलंबून असते. ‘प्लेशेड्यूल्ड’ला डीएसपी घड्याळाची वेळ द्या. आरपीजी मेकर ऑग फाईलमधले लूपस्टार्ट आणि लूपलेंग्थ हे टॅग वाचतो. ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचे आणि आकडे सेकंदात नाही, सॅम्पलमध्ये द्यायचे. ब्राउझरवरच्या गेममध्ये ऑडिओ टॅगचा लूप वापरू नका, तो अडखळतो. वेब ऑडिओचा बफर सोर्स घ्या.

गेममध्ये ट्रॅक जलद आणि चढ्या सुरात वाजतोय का? मग सॅम्पल रेट जुळत नाही. ४४,१०० ची फाईल ४८,००० समजून वाजली की सूर जवळपास दीड सेमीटोन चढतो आणि ७२ चा वेग ७८ च्या वर जातो. प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून एकाच रेटला ठेवा.

बारीक ‘टक’

लहर एका पातळीवर संपते आणि दुसऱ्या पातळीवर सुरू होते, म्हणून टक होतं. लहर शून्य रेषा ओलांडते तिथे कापा, हा सल्ला सगळे देतात. मोनो आवाजाला तो चालतो. स्टिरिओत डावी आणि उजवी लहर एकाच क्षणी शून्यावर सापडणं विरळा, त्यामुळे एक बाजू नीट होते आणि दुसरी टकटकत राहते. टोकांना २ मिलिसेकंदांचा फेड दिला की टक जाते, पण त्या जागी ४ मिलिसेकंदांची खाच पडते आणि खर्जातल्या पॅडमध्ये ती मऊ ठोक्यासारखी ऐकू येते. खरा इलाज म्हणजे क्रॉसफेड, एक तुकडा विरत असताना दुसरा वर आणणं; तो पुढे पोताच्या भागात येतो.

एक साधी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आवर्तन समेवर सुरू होतं हे तबलजीला माहीत असतं, फाईलला नाही. लूपची लांबी बरोबर असली की सांधा कुठेही ठेवता येतो. समेवर हार्पचा टणत्कार किंवा ड्रमचा ठोका असेल तर सांधा त्याच्या अगदी तोंडावर येतो आणि ठोक्याचं नाक कापलं जातं. सांधा दोन्हीकडून ३० मिलिसेकंद आधी सरकवा, किंवा सरळ तिसऱ्या बारच्या मध्यावर न्या, जिथे नुसता पोत भरून वाहतोय.

शेपटी कापली जाते

फँटसी संगीतात रिव्हर्ब भरपूर. गुहा, देवराई, पडका वाडा, सगळीकडे ४ ते ६ सेकंदांचं रिव्हर्ब लावलेलं असतं. १६ बार रेंडर केले की शेवटच्या स्वराची शेपटी सतराव्या बारात जायला हवी, पण तिथे फाईल संपते. लूप पुन्हा सुरू झाला की पहिला बार कोरडा वाजतो. कान फसत नाही.

यासाठी दुसरी फेरी रेंडर करायची:

१. सगळ्या ट्रॅकचे १ ते १६ बार निवडा आणि १७ ते ३२ वर जशाच्या तशा नकला ठेवा. ऑटोमेशनसुद्धा सोबत न्या.
२. एक्सपोर्टची हद्द फक्त १७ ते ३२ बारची ठेवा, म्हणजे ५३.३३३ सेकंद ते १०६.६६७ सेकंद.
३. एक्सपोर्टच्या खिडकीत ‘टेल’ची खूण असेल तर ती काढा.
४. आलेली फाईल बरोबर २३,५२,००० सॅम्पलची आहे का ते पाहा. रीपर असो की ऑडॅसिटी, लांबी सॅम्पलमध्ये दाखवायची सोय असते.

आता पहिल्या फेरीची शेपटी दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला मिसळलेली आहे आणि कम्प्रेसर, लिमिटरही तापलेल्या अवस्थेत आहेत. याचा एक दुष्परिणाम होतो. लेव्हल पहिल्यांदा सुरू होते तेव्हा कुणी काही वाजवलं नसताना शेपटी ऐकू येते. दोनतीनशे मिलिसेकंदांचा फेड-इन गेमच्या कोडमधून द्या, फाईलमध्ये नको. फाईलमध्ये दिला तर तो दर आवर्तनाला वाजेल. वेगळी चार बारची प्रस्तावना असेल तर उत्तमच.

रंग उडी मारतो

दुसरी फेरी करूनही सांध्यावर पॅड एकदम उजळतो किंवा अंधारतो? सिंथचा एलएफओ मोकळा फिरतोय. समजा फिल्टरवरचा एलएफओ ०.१३ हर्ट्झला आहे. ५३.३३३ सेकंदांत त्याच्या ६.९३ फेऱ्या होतात. सातवी पुरी व्हायच्या आत आवर्तन संपतं आणि फिल्टर मागे फेकला जातो. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सॉफ्टवेअर सिंथ, दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हीत एलएफओ टेम्पोला बांधता येतो. तो ४ बारवर बांधा: एक फेरी १३.३३ सेकंदांची, लूपमध्ये बरोबर चार. ८ बारही चालेल. ६ बार नाही, कारण १६ ला ६ ने भाग जात नाही. कोरस आणि फेझर या इफेक्टमध्येही एलएफओ दडलेला असतो, तो विसरला जातो. तिथे सिंक नसेल तर डेप्थ कमी करा.

हाच हिशेब अर्पेजिएटरला, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून फिरवणाऱ्या साधनाला, लागू आहे. परीकथेच्या सुरावटीत ६ किंवा १२ पायऱ्यांचा अर्पेजिओ लोकांना फार आवडतो. १६ बारमध्ये पाव मात्रा २५६. १२ ने भागल्या तर २१ वेळा पूर्ण आणि चार पायऱ्या शिल्लक. सांध्यावर धून मधूनच पहिल्या पायरीवर येते आणि वाजवणारा चुकल्यासारखं वाटतं. एक तर ८ पायऱ्या घ्या, नाहीतर लूप १२ बारचा करा: १९२ पाव मात्रा, १६ फेऱ्या, बरोबर ४० सेकंद.

हार्डवेअर अ‍ॅनालॉग सिंथला तर रोज वेगळा मूड. सुरू करून २० ते ३० मिनिटं तापू द्या, मग ट्यूनिंगची कळ दाबा, मग रेकॉर्ड करा, आणि त्या वेळात एसी चालू-बंद करू नका. पावसाळ्यात नॉब फिरवताना खरखर आली तर तो ठाण्याच्या हवेतला दमटपणा आहे: कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, नॉब वीसेक वेळा पूर्ण फिरवणं आणि झाकलेल्या बॅगेत सिलिका जेलची पुडी.

एआयचा पोत

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि बराचसा वाया जातो, कारण मागणीच चुकीची केलेली असते. प्रॉम्प्टमध्ये ‘सीमलेस लूप’ लिहून लूप मिळत नाही. ही टूल्स गाणी ऐकून शिकलेली आहेत, आणि गाण्याला सुरुवात, चढ आणि शेवट असतो. शेवटच्या दहा सेकंदांत मॉडेल हात आवरायला लागतं: लय सैलावते, आवाज उतरतो. एआयकडून कापड मागा, शिवण स्वतः घाला.

प्रॉम्प्टमध्ये वाद्यं, वेग आणि काय नको ते लिहा: केवळ वाद्यसंगीत, ड्रम नाहीत, स्थिर लय, एकच स्वरकेंद्र, सलग पॅड आणि लांब स्वर. ‘एपिक’ हा शब्द टाळा. तो लिहिला की ड्रम आणि ब्रास येतात आणि आवाज चढत जातो. दोनतीन मिनिटांचा ट्रॅक काढून मधला भाग घ्या. मॉडेलची मर्यादाही माहीत हवी. स्टेबल ऑडिओ ओपन जास्तीत जास्त ४७ सेकंद देतं, तेही ४४,१०० ला. ७२ च्या लयीत त्यात जेमतेम १४ बार बसतात, ४६.६७ सेकंद, आणि शेवटचा भाग वापरण्याजोगा असेलच असं नाही. तिथे १० बार चांगले मिळाले तरी खूप झालं. मेटाचं म्युझिकजेन ३२,००० हर्ट्झला आवाज काढतं, त्यामुळे १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नसतं. झगमगाट हवा असेल तर तो सिंथकडूनच घ्यावा लागतो. शिवाय त्याच्या मॉडेलचा परवाना अव्यावसायिक वापराचा आहे. गेम विकायचा असेल तर ते बाजूला ठेवा, आणि बाकी टूल्सचेही परवाने कुठल्या प्लॅनला काय देतात ते ट्रॅक काढण्याआधी वाचा. स्टीमवर टाकताना एआयने केलेला मजकूर आहे हे जाहीर करावं लागतं, त्यामुळे प्रॉम्प्ट आणि तारीख फाईलसोबत लिहून ठेवा.

आता लय. ७२ मागितले तरी ७२ मिळेलच असं नाही. मोजायची रीत: पहिल्या बारची सम आणि सतराव्या बारची सम, दोन्हींची जागा सॅम्पलमध्ये लिहून घ्या. फरक २३,५२,००० यायला हवा. वेग ७१.६ असेल तर ६४ मात्रांना ५३.६३ सेकंद लागतात आणि तुमचा सिंथ सांध्याजवळ पोताच्या ३०० मिलिसेकंद पुढे पोचलेला असतो. म्हणजे पाव मात्रेहून जास्त. पोतात ठोके नसतील तर दर चार बारला एक स्ट्रेच मार्कर लावून ग्रिडवर बसवा. प्रत्येक मात्रेवर मार्कर लावायचा मोह आवरा, लांब स्वर थरथरायला लागतात. पोतात ड्रम किंवा बास मिसळले असतील तर डेमक्ससारख्या वाद्यं वेगळी करणाऱ्या साधनाने वेगळे काढा. त्याच्या नेहमीच्या मॉडेलात ड्रम, बास, गायन आणि ‘इतर’ असे चार भाग मिळतात. फक्त ‘इतर’ ठेवा. बास आणि ठोके मिडीवरून (स्वरांच्या सूचनांवरून) सिंथने पुन्हा बांधले की ते ग्रिडवरच असतात.

स्वर दोन ठिकाणी तपासायचा. पहिलं, पट्टी. एआयचा डी हा ४४० च्या हिशेबातला डी असेलच असं नाही. लांब स्वरावर ट्यूनर धरा. समजा १८ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा आहे. प्लेबॅकचा वेगच कमी करून उतरवला तर आवाज खराब होत नाही, पण लयही एक टक्का उतरते, ७२ ची ७१.२५ च्या आसपास होते. म्हणून क्रम असा: आधी सूर, मग लय. उलट केलं तर लय दोनदा जुळवावी लागते. दुसरं, थाट. डोरियन मागितला तरी मॉडेल सवयीने नॅचरल मायनरकडे घसरतं. आपल्या भाषेत काफीचा आसावरी होतो: शुद्ध धैवताच्या जागी कोमल धैवत. पांढरी दोनमध्ये म्हणजे बी च्या जागी बी फ्लॅट. सिंथवर शुद्ध धैवत आणि पोतात कोमल असं एकाच वेळी आलं की कुणालाही दात आंबल्यासारखं होतं, आणि दोष मात्र सांध्याच्या नावावर जातो, कारण धून पहिल्या बारात धैवतावर उभी असते. सा-पचा ड्रोन लावून पोत ऐका, कोमल धैवताचे बार टाळा. दुसरा तुकडा नसेल तर धुनेतून धैवत वगळा. सा, ग, म, प, नि यांवर जंगल छान उभं राहतं.

ड्रोनसाठी तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग वापरत असाल तर सा आणि प बिनधास्त. त्याच्यावर सिंथचा कोमल गंधार लांबवर धरू नका. नैसर्गिक कोमल गंधार सिंथच्या समान अंतराच्या गंधारापेक्षा १६ सेंट चढा असतो, आणि शांत पोतात ते टोचतं.

शेवटी शिवण. १६ बारच्या लूपसाठी पोताचे १८ बार घ्या. सतरावा आणि अठरावा बार कापून लूपच्या सुरुवातीला, १ आणि २ बारच्या डोक्यावर ठेवा. त्या दोन बारांत, म्हणजे ६.६७ सेकंदांत, १७-१८ चा तुकडा फेड-आउट होतो आणि मूळचा १-२ चा फेड-इन. सोळावा बार संपून लूप मागे आला की पुढे वाजतो तो मुळातला सतरावाच, म्हणून सांधा उरतच नाही. क्रॉसफेड ‘इक्वल पॉवर’ ठेवा, कारण दोन्ही तुकडे वेगळे आहेत. सरळ रेषेचा ठेवला तर मध्यावर ३ डेसिबलचा खड्डा पडतो. एकच आवाज दोन्हीकडे असेल तर उलट, तिथे सरळ रेषाच बरोबर, नाहीतर फुगवटा येतो. एक अट आहे: १७-१८ आणि १-२ या बारांत कॉर्ड एकच हवा. दोन कॉर्ड एकमेकांत विरघळत असतील तर सहा सेकंद चिखल होतो.

एआयचे ट्रॅक जसजसे पुढे जातात तसतसे अनेकदा जोरात आणि उजळ होत जातात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागाचा ३ सेकंदांचा शॉर्ट-टर्म लाउडनेस मोजा. फरक एका डेसिबलपेक्षा जास्त असेल तर क्रॉसफेडच्या आधी गेनची हळू उतरती रेघ काढून तो मिटवा. पूर्ण मिक्स उणे १८ ते उणे २० एलयूएफएसला (लाउडनेसचं एकक) ठेवा, शिखर उणे १ डेसिबलच्या आत. एआयचा माल बहुधा फार दाबून भरलेला येतो, तसाच ठेवला तर तलवारीचा आवाज आणि संवाद दोन्ही बुडतात.

गुणगुण, जी सांध्यावरच टकटकते

बाहेरचा सिंथ वापरणाऱ्यांसाठी हा भाग. लॅपटॉपचा चार्जर, सिंथचा अ‍ॅडॉप्टर आणि स्पीकर वेगवेगळ्या प्लगना लावले की अर्थिंगचं वर्तुळ होतं आणि ५० हर्ट्झची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरते, सोबत १०० आणि १५० चे हार्मोनिक. ५३.३३३ सेकंदांत ५० हर्ट्झच्या २,६६६.६७ फेऱ्या होतात. शेवटची फेरी दोन तृतीयांशावर तुटते आणि सांध्यावर टक येते. तुम्ही पॅडची लहर तपासत बसता, ती निर्दोष असते.

आपल्या उदाहरणात आणखी एक गंमत आहे. मधल्या सीच्या खालचा डी १४६.८ हर्ट्झचा, गुणगुणीचा तिसरा हार्मोनिक १५० चा. दोघांच्या फरकामुळे सेकंदाला तीनेक वेळा षड्ज हेलकावतो. लोक त्याला सिंथचा ट्रेमोलो समजतात आणि एलएफओ बंद करत बसतात. १५० वर नॉच फिल्टर लावला तर षड्जही पातळ होतो, त्यामुळे दोष उगमापाशीच काढायला हवा.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर वर्तुळ चार्जरमधून आहे. सगळी साधनं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. सिंथ यूएसबी आणि ऑडिओ केबल दोन्हींनी लॅपटॉपला जोडलेला असेल तर यूएसबी काढा आणि पाच पिनांची जुनी मिडी केबल वापरा. तिच्यात ऑप्टोआयसोलेटर असतो, वीज पलीकडे जात नाही. एवढ्याने भागलं नाही तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, जो आवाज जाऊ देतो पण विजेची थेट जोडणी तोडतो. घणसोली-कोपरखैरण्याच्या जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असूनही अर्थची तार जोडलेलीच नसते, असं सापडतं. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कुणी कापायला सांगितली तर ऐकू नका, शॉक बसू शकतो. वीज गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, गुणगुणीऐवजी करकर मिळते.

वातावरणाचा थर वेगळा ठेवा

रातकिडे, पाणी, पानांची सळसळ संगीताच्या फाईलमध्ये मिसळू नका. तोच बेडूक दर ५३ सेकंदांनी त्याच मात्रेवर ओरडला की लूप उघडा पडतो. वेगळा प्लेअर, वेगळी लांबी, समजा ७१ सेकंद. जूनच्या पहिल्या पावसानंतर येऊरच्या पायथ्याशी मिळणारा रातकिड्यांचा आवाज कुठल्याही सॅम्पल लायब्ररीपेक्षा सरस असतो. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, शिखर उणे १२ च्या आसपास. घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रकची घरघर त्यात येणारच, १५० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (खालचे आवाज गाळणारा) तिला बाहेर काढतो आणि किड्यांना धक्काही लागत नाही. यात क्रॉसफेड ४ ते ५ सेकंदांचा द्या.

लोकलमधली चाचणी

तांत्रिक सांधा स्वच्छ झाल्यावरही एक दोष उरतो, तो मोजमापात दिसत नाही. बिल्ड फोनवर घ्या आणि ठाण्याहून वाशीची ट्रान्स हार्बर पकडा. अर्ध्या तासात ५३ सेकंदांचा लूप तीसहून जास्त वेळा वाजतो. एका कानात इअरफोन, दुसरा कान गाडीच्या आवाजाला. रबाळ्यापर्यंत तुम्हाला नेमका एखादा स्वर ‘आता येणार’ म्हणून आधीच ऐकू यायला लागला, तर तो काढायचा. बहुतेक वेळा तो शेवटच्या दोन बारांतला घंटेचा ठोका असतो किंवा वरच्या सप्तकातली एखादी नाजूक उतरण, म्हणजे संगीतकाराची सगळ्यात लाडकी जागा. ती पंधराव्या बारातून उचलून वेगळ्या फाईलमध्ये टाका आणि कोडमधून तीनचार आवर्तनांतून एकदाच वाजू द्या.

परतीच्या गाडीत इअरफोन काढून फोनच्या स्पीकरवर ऐका. दीडशे हर्ट्झच्या खालचं तिथे जवळपास काही उरत नाही. खर्जातला ड्रोन गायब झाल्यावर सांधा पुन्हा ऐकू येत असेल, तर तो ड्रोनमागे लपला होता, मिटला नव्हता. वरच्या पॅडची दहा सेकंदांची चाचणी परत करा.